दागिना उतरवल्याचा आवाज

३ नोव्हेंबर, सकाळी

ठिणगे,

आशीर्वाद नेहमीचेच, पण या खेपेला त्यांच्या सोबतीला तुझी अंगठीही आहे. कापसात गुंडाळून काडेपेटीत घातली आहे आणि वर दोरा बांधला आहे. गाठ तू लहानपणी मारायचीस तसली, न सुटणारी. कात्री लागेल.

मी बरा आहे. गुडघा त्याच्या मर्जीने वागतो, मी त्याच्या मर्जीने चालतो, म्हणजे आमचं जमतं. कामाच्या खिडकीसमोरचं झाड सगळी पानं गाळून उभं आहे, पाठांतर विसरलेल्या पोरासारखं. रोज सकाळी त्याला शाळेतली एखादी कविता चालीवर म्हणून दाखवतो. शेजारची बाई खिडकी लावून घेते. रसिकता राहिली नाही लोकांत.

आता मुख्य बातमी. इथल्या दागिने घडवणाऱ्यांच्या मंडळाचं प्रदर्शन झालं, आणि पहिल्या दिवशी आम्हा घडवणाऱ्यांना एकेकाला उभं करून दोन प्रश्न विचारले. तुम्हाला सुचतं कुठून? आणि तुमच्या जिवाजवळचा दागिना कोणता? मंडळाची सूत्रं हल्ली मीनावालीकडे आहेत. तीच गं, दागिन्यांवर मीनाकाम करणारी, तुला रंगीत काचेचे तुकडे देऊन लाडावून ठेवणारी. ती पहिली उठली आणि म्हणाली, "सुचणं वगैरे मला ठाऊक नाही. गिऱ्हाईक दारात उभं राहून घड्याळ बघायला लागलं की आपोआप सुचतं." सगळे हसले. मग मोती ओवणारा उठला. तो जन्माचा मुका नाही, पण बोलायचं त्याच्या जिवावर येतं. तो म्हणाला, "दोरा," आणि खाली बसला. मला वाटतं त्या दिवसातलं सर्वांत चांगलं भाषण तेच.

माझं लांबलं. तुला माहीतच आहे. मी यतीबद्दल बोललो. शाळेत मास्तर वृत्त शिकवताना फळ्यावर ओळ लिहायचे आणि मधोमध खडूची उभी रेघ मारायचे. "इथे थांबायचं. इथे श्वास घ्यायचा. ज्या ओळीत श्वास घ्यायला जागा नाही ती ओळ म्हणणाऱ्याला मारते." दागिन्याचं तेच आहे. माझ्या वडिलांनी मला हातात फुंकणी दिली तेव्हा पहिलं वाक्य हेच सांगितलं होतं, की आधी आकडा घडव, मग हार. आधी फिरकी, मग कुडी. ज्यातून माणूस सुटा होतो तो भाग पहिल्यांदा. कारण दागिना चढवायला सगळेच टपलेले असतात. उतरवायची सोय घडवणाऱ्यालाच बघावी लागते.

आणि जिवाजवळचा दागिना म्हणून मी खिशातून तुझ्या आईच्या कुडीची फिरकी काढून दाखवली. मागच्या रांगेला काही दिसलं नसणारच. तुझी आई दिवेलागणीला आरशासमोर बसून, माझ्याशी भांडत भांडत, कुड्यांच्या फिरक्या सोडायची आणि निळ्या काठाच्या बशीत टाकायची. टण्. मग दुसरी. टण्. तो आवाज आला की दिवस संपला, आता ती घरची, स्वतःची. मी लोकांना सांगितलं, मी आयुष्यभर जे घडवलं ते त्या आवाजासाठी. मीनावाली नंतर म्हणाली, "बायको भांडत होती हे सांगितलंत, जिंकत कोण होतं ते नाही सांगितलं."

जावईबापूंचं दालन वेगळं होतं, मधोमध. ते स्वतः आले नाहीत, पण कलाकृती आल्या होत्या. गर्दी तिथेच. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'माझी प्रेरणा: माझी पत्नी.' मला अभिमान वाटला. वाटणारच.

सगळी कडी आणि वळी तुझ्या मापाची आहेत हे मी लांबून ओळखलं. लग्नाच्या वर्षातलं मनगटाचं कडं, मग त्याच्या पुढच्या वर्षातलं, मग यंदाचं. मी तिन्ही ओळीने पाहिली. मग उलट्या क्रमाने पाहिली. काम अतिशय सफाईचं आहे.

शेवटी एक रिकामी बैठक होती, काळ्या मखमलीची. खाली चिठ्ठी: 'चांदीचं गळ्यातलं कडं. ही कलाकृती तिच्या अंगावरच घडली आहे आणि तिथेच राहील. ती उतरवली जाणार नाही.' आणि शेजारी तुझा फोटो. लोक त्या रिकाम्या मखमलीपुढे थांबत होते. एक बाई म्हणाली, केवढं प्रेम. मीनावाली माझ्या कानाशी म्हणाली, "चांगलंय, चोरीची भीती नाही." मग माझ्याकडे बघून तिने माझ्यासाठी खुर्ची ओढली.

फोटोत तुझे केस कापलेले दिसतात. छान दिसतात. कडं गळ्याला अगदी लागून आहे. कानाखाली मानेवर एक डाग दिसला. सावली असेल. हल्लीचे फोटोवाले दिवा कुठेही ठेवतात.

आता अंगठीचं. तू लिहिलंस, पुन्हा सैल झाली, बोटातून निसटते. म्हणून पुन्हा एक तुकडा कापून सांधली. आधीचे कापलेले तुकडे मी भिंगाच्या डबीत ठेवले आहेत, त्यांच्या शेजारी हाही ठेवला. अशा गतीने एखाद्या बाळाची अंगठी होईल त्यांची. बाई, जेवतेस ना?

आणि एक बोलतो, रागावू नकोस. अंगठीची कड फार झिजली आहे, एकाच बाजूने. भिंगाखाली धरली तर सोन्यात चांदीच्या पांढऱ्या रेघा बसलेल्या दिसल्या. अंगठी घालून चांदीची भांडी घासतेस की काय? सोनाराची मुलगी ना तू? काम करताना काढून ठेवत जा. मी रेघा घालवून झिलई दिली आहे.

तुझ्या मागच्या पत्रात होतं, 'मला आता स्वतःचं काही सुचत नाही आणि त्याचं दुःखही नाही. त्यांना सुचतं तेच माझं.' वाक्य गोटीबंद आहे. मी दोनदा वाचलं. तू लहानपणी कामाच्या खोलीचं दार आतून लावून बसायचीस, काहीतरी वाकडंतिकडं ठोकत, आणि मी बाहेरून टकटक करून म्हणायचो, "ऐरणीवर ठकठक कोण?" आणि तू आतून ओरडायचीस, "बाबा आणि ठिणगी, दोन!" तेव्हाच दार उघडायचं. मास्तर असते तर 'कोण'ला 'दोन' जुळवल्याबद्दल छडी बसली असती, पण मात्रा चोख आहेत, मोजून बघ. तुझं ते वाकडंतिकडं मला आठवतं.

फोन केला होता. जावईबापूंनी उचलला. तू कामात होतीस. परवा केला तेव्हाही कामात होतीस. कामात असणं चांगलंच.

जावईबापूंना माझे नमस्कार सांग. हे पत्र त्यांनाही वाचून दाखव, म्हणजे त्यांना वाचायची तसदी नको.

सवडीने, पण तुझ्या हाताने उत्तर लिहिणाऱ्या ठिणगीची वाट बघणारा,
बाबा


२२ नोव्हेंबर

सौ. ठिणगीस,

सप्रेम आशीर्वाद. जावईबापूंचं पाकीट मिळालं. त्यात अंगठी होती आणि त्यांच्या सुंदर अक्षरातल्या चार ओळी: 'तुमच्या बारीक नजरेला दाद दिली पाहिजे. अंगठीची ती झीज माझ्या ध्यानात आली नव्हती. आता ती अंगठी घालणार नाही. तिला तिची गरज उरलेली नाही.'

त्यांचं अगदी बरोबर आहे. ज्या बोटाला दागिना टिकत नाही त्याला तो हवा कशाला? मी अंगठी कपाटात ठेवून दिली. मागच्या पत्रात मी म्हातारपणी बोलतात तसं नको तेवढं बोललो. जावईबापूंनी मनावर घेऊ नये. माणूस एकटा राहिला की जिभेला हाड राहत नाही. कवितेचं वेडही आता सोडलं आहे. वह्या रद्दीत दिल्या. त्या जुन्यापान्या ओळी घेऊन कुठवर बसायचं?

हे पत्र खरं तर आनंदाची बातमी देण्यासाठी आहे. प्रदर्शन पाहून गेलेल्या लोकांची इथे दुसरी चर्चाच नाही. ती रिकामी मखमल सगळ्यांच्या मनात बसली आहे. मंडळाने एकमताने ठरवलं की समारोपाचं भाषण जावईबापूंनीच करायचं. विषयही त्यांना शोभेल असाच आहे, 'कलावंताची प्रेरणा'. मानपत्र आहे, शाल नाही, पण वर्तमानपत्रवाले आहेत, फोटो आहेत, आणि दूरदूरचे संग्राहक येणार आहेत. मीनावाली वेगळं निमंत्रण पाठवते आहे. तिने मला मुद्दाम सांगितलं, "तुमच्या जावयासारखा माणूस आमच्या व्यासपीठावर बसला तर आमचं मंडळ वर येईल." मी म्हटलं, माझ्या शब्दाला ते मान देतील की नाही ठाऊक नाही, मी साधा ठोकाठोक करणारा, ते कलावंत.

त्यांनी यावं. सहा डिसेंबर, दुपारी चार. आदल्या दिवशी निघाले तर दगदग होणार नाही. उतरायची सोय मंडळाने चांगल्या ठिकाणी केली आहे, माझ्या अडगळीत नाही.

तुलाही बोलवावं असं काहींचं म्हणणं होतं. मीच नको म्हटलं. प्रवास तुला झेपत नाही असं जावईबापूंनी फोनवर सांगितलंच आहे. शिवाय, कलाकृती दाखवायला आणली की तिचं गूढ जातं, हे त्यांचंच वाक्य मी मंडळाला ऐकवलं. सगळ्यांना फार आवडलं. तेव्हा तू घरीच राहा. घर सोडू नकोस.

मी स्वतः भाषणाला पहिल्या रांगेत असेन.

जावईबापूंच्या कीर्तीत भर पडो.

तुझे वडील


६ डिसेंबर, तुझ्या घराचा जिना

ठिणगे,

हे पत्र टपालाने येत नाही. लिहून झालं की तुझ्या दाराखालून आत सरकवणार आहे. म्हणून यात खरं लिहिता येतं.

मागचं पत्र खोटं होतं. तुला पहिल्या ओळीतच कळलं असेल, की 'सौ.' लिहिणारा बाबा तुझा नव्हे. वह्या रद्दीत दिलेल्या नाहीत. भाषणाच्या पहिल्या रांगेत मी नाही, मी तुझ्या दारात आहे. आणि आता मी त्याला अहो-जाहो करणार नाही. इतकी वर्षं केलं, पुरे झालं.

तुझी पत्रं तो वाचतो, माझीही तुझ्याआधी तोच फोडतो, हे मला बरेच दिवस वाटत होतं. ते वाटणं मी मनातून काढून टाकत होतो, चहात पडलेली माशी काढावी तसं. तिन्ही कडी ओळीने बघितली तेव्हा तुझं मनगट वर्षावर्षाला किती बारीक होत गेलं ते मला डोळ्यांना दिसलं, आणि मी तुला लिहिलं, काम सफाईचं आहे. मानेवरचा डाग सावली नव्हता. मी जन्मभर भट्टीपुढे बसलेला माणूस आहे. ओलं फडकं ठेवून, चामडं ठेवून, ज्योत लहान करून, कितीही जपून मानेमागे डाक लावून कडं सांधलं तरी उष्णता चांदीतून धावते. ती कुठे पोचते हे मला माहीत आहे. त्याला माहीत नव्हतं असंही नाही.

आणि अंगठी. त्याची चार ओळींची चिठ्ठी वाचली आणि माझ्या हातातून भिंग पडलं. तेव्हा मला उमगलं की तू भांडी घासत नव्हतीस. तू गळ्यातलं घासत होतीस. घरात करवत नाही, कानस नाही, तुझी हत्यारं त्याने कधीच वाटून टाकली असणार, म्हणून तू सोन्याच्या कडेने डाकेचा सांधा घासत होतीस. बरोबर जागा धरली होतीस. सांधा तिथेच कच्चा असतो. सोनाराच्या मुलीला ते माहीत असतं.

मीही सोनाराचाच मुलगा. मी चांदीच्या रेघा पाहिल्या, ओळखल्या, आणि कुठे बसल्या असतील हा साधा प्रश्न मनाला विचारला नाही. उलट ऐटीत पत्रात लिहिलं. माझ्या बारीक नजरेने तुझं एकुलतं हत्यार त्याच्या हातात नेऊन दिलं. त्यानंतर त्याने तुझं काय केलं ते मला अजून माहीत नाही.

मीनावालीकडे गेलो. तिला चिठ्ठी वाचून दाखवली, फोटो दाखवला. ती रडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "त्याला बोलवा. असल्या माणसाला दार उघडायला लावायचं तर आरसा दाखवायचा, किल्ली नाही." दुसरं पत्र तिने माझ्याशेजारी बसून लिहून घेतलं. मी एक वाक्य लिहिलं की ती म्हणायची, "अजून गोड. तुमच्याच्याने होत नसेल तर कवितेतलं समजून लिहा." मंडळात असलं भाषण ठरलेलंच नव्हतं. तिने दोन दिवसांत ठरवलं. मोती ओवणारासुद्धा कामाला लागला, खुर्च्या मांडायला. तो एवढंच म्हणाला, "आणा तिला."

मी सराव केला आहे. भिऊ नकोस. माझ्याच मनगटावर चांदीचं कडं चढवलं, मीनावालीकडून सांधून घेतलं, आणि आत पत्र्याची पातळ पट्टी सरकवून केसाएवढ्या पात्याच्या करवतीने कापलं. पहिल्यांदा पातं घसरलं, थोडं लागलं. मीनावाली म्हणाली, "पोरीच्या मानेवर असं केलंत तर मी तुम्हाला जाळात घालीन." दुसऱ्या वेळी नाही लागलं. तिसऱ्या वेळीही नाही. आता हात कवितेसारखा पाठ झाला आहे.

सकाळी इथे उतरलो. तुझ्या घराच्या रस्त्याला लागलो तेव्हा सगळं इतकं साधं दिसत होतं, की मलाच माझी लाज वाटायला लागली. एक बाई गॅलरीत गादी वाळत घालत होती. एक जण सायकलला हवा भरत होता. वाटलं, म्हातारा भ्रमला आहे, आता मुलगी दार उघडेल आणि म्हणेल, बाबा, न कळवता?

खालच्या चहावाल्याला विचारलं, वरच्या मजल्यावरचे कलावंत कधी गेले? तो म्हणाला, "साहेब काल गेले, बॅग घेऊन." मी म्हटलं, आणि बाई? तो कपबशी पुसता पुसता थांबला. "कोण बाई? साहेब एकटेच राहतात ना?"

तो इथे दुकान टाकून बसला त्याला वर्ष झालं म्हणे.

वर आलो. दाराला बाहेरून कुलूप आहे. मोठं, नवं. मी दाराला कान लावला. आधी काहीच नाही. मग ऐकू आलं. कर्र. थांबून पुन्हा, कर्र. कशाने घासते आहेस, बाळा? चमच्याने? नाण्याच्या कडेने? मला तो आवाज झोपेतही ओळखू येईल. या घराण्यात आम्ही पिढ्यान्‌पिढ्या तोच आवाज काढून पोट भरलं.

मी हळूच हाक मारली, "ठिणगे." आणि आवाज थांबला.

मी पुन्हा हाक मारली. आत इतकी शांतता पडली की तू श्वास धरला आहेस हे मला कळलं. तेव्हा लक्षात आलं, की तुला हे खरं वाटत नसणार. कोणी दाराबाहेर उभं राहून माझं नाव घेऊन तुझी परीक्षा पाहिली असेल का? एकदा? अनेकदा? मला कल्पना करवत नाही. म्हणून पायरीवर बसून हे लिहितो आहे. आवाजाची नक्कल करता येते. माझ्या या गचाळ अक्षराची नाही, मास्तरांनाही कधी वाचता आलं नाही.

चौकीवर जाऊन आलो. तिथला माणूस म्हणाला, "नवरा गावाला गेला, घराला कुलूप लावलं, यात तक्रार काय?" मी म्हटलं, आत माझी मुलगी आहे. तो म्हणाला, "दुपारनंतर कोणाला तरी पाठवतो." दुपारनंतर म्हणजे कधी, ते त्यालाही माहीत नव्हतं. चहावाला शहाणा निघाला. तो कुलूपवाल्याला आणायला गेला आहे. माझी करवत या लोखंडावर दोनदा चालवून पाहिली, पातं तुटलं. उरलेली पाती मला तुझ्यासाठी हवी आहेत.

पिशवीत काय काय आहे ते सांगतो, म्हणजे तुझा विश्वास बसेल. करवत, पत्र्याची पट्टी, जखमेचं मलम. तुझी अंगठी. भिंगाच्या डबीतले सगळे तुकडे मी तिच्यात पुन्हा सांधले आहेत, आता ती पहिल्या मापाची आहे. आज तुला ढगळ होईल. होऊ दे. तू तिच्या मापाची होशील, ती आता तुझ्यासाठी कमी होणार नाही. आणि आईची निळ्या काठाची बशी आणली आहे. मफलरीत गुंडाळून आणली, टवकासुद्धा उडाला नाही. ते कडं कापलं की मला ते जमिनीवर ठेवायचं नाही. त्या बशीत टाकायचं आहे. मला तो आवाज ऐकायचा आहे.

आताच खाली जाऊन चहावाल्याच्या बायकोच्या फोनवरून मीनावालीला फोन केला. तिच्या आवाजात पहिल्यांदाच थट्टा नव्हती. सभागृह भरलं आहे, म्हणाली. पण त्याची खुर्ची रिकामी आहे. तो उतरला होता तिथे तिने माणूस पाठवला. खोली सकाळीच सोडली म्हणे. कोणाला तरी विचारत होता, की म्हातारबुवा पहिल्या रांगेत असतील ना? आणि तो कोणी भाबडा म्हणाला, ते तर गावातच नाहीत.

म्हणजे तो निघाला आहे. कधीचा निघाला आहे.

ठिणगे, घाबरवण्यासाठी लिहीत नाही. तुझ्याशी आता खोटं बोलायचं नाही एवढंच. कुलूपवाला आधी येईल की तो, मला माहीत नाही. मी माझी जागा ठरवली आहे. या दाराला पाठ लावून बसलो आहे. माझी पाठ तुला लाकडातून जाणवत असेल, तर तू पलीकडून टेकून बस. गुडघा आखडला आहे, त्यामुळे मला उठवणं कोणालाही सोपं नाही.

जिन्यात खाली पावलं वाजत आहेत. दोघांची वाटत होती, आता एकाचीच वाटतात. चहावाला असेल. पहिल्या मजल्यावर थांबली. पुन्हा चढत आहेत, सावकाश.

कागद आत सरकवतो. वाचून झालं की कान दाराशी आण. पहिली ओळ मी म्हणतोय. दुसरी आतून तुझी आली, की मग जिन्यावर कोणी का असेना.

ऐरणीवर ठकठक कोण?

दाराबाहेर,
बाबा